काहीही सापडलं नाही

घरं शोधायच्या साइटवर काम करणाऱ्यांनी रोज काय बघावं हे साधारण ठरलेलं असतं. किती लोक आले, कुठून आले, किती वेळ थांबले, किती जणांनी मालकाचा नंबर मागितला. आमच्या पुण्यातल्या छोट्या ऑफिसातही यासाठी भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावलेला आहे. त्यावर हिरवे-तांबडे बाण दिवसभर वरखाली होत असतात आणि पाहुणे आले की त्यांना तो कौतुकाने दाखवला जातो. मी सकाळी चहा घेऊन बसते ती त्या स्क्रीनकडे पाठ करून. मी उघडते एक साधी यादी. काल ज्या ज्या शोधांना आमच्या साइटने ‘काहीही सापडलं नाही’ असं उत्तर दिलं, ते सगळे शोध, लोकांनी टाइप केले तसेच्या तसे.

‘नळस्टॉपजवळ वन बीएचके’. ‘दोन मुली नोकरीवाल्या कर्वेनगर’. ‘५ गुंठे सासवड रोड’. ‘आईसाठी तळमजला’. ‘टँकर न लागणारी सोसायटी’. आणि मधूनच नुसतं ‘८०’.

यादीत कुणाचं नाव नसतं. काही लोक शोधाच्या चौकटीतच स्वतःचा मोबाइल नंबर टाकून मोकळे होतात, म्हणजे आता हे लोक फोन करतील आणि घर दाखवतील असा समज. ते आकडे यादीत येण्याआधीच पुसले जातात. असा मजकूर गूगलच्या ॲनालिटिक्सकडे, म्हणजे साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या साधनाकडे, पाठवायला त्यांच्या अटींतच मनाई आहे, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आहेच. नाव नसलं तरी ‘आईसाठी तळमजला’ वाचताना कुणाचं तरी पत्र चुकून आपल्या हाती आल्यासारखं वाटतं, ते वाटायचं काही थांबत नाही.

पूर्वी ही यादी कुणी उघडतही नव्हतं. शून्य निकाल म्हणजे त्या भागात आपल्याकडे घरं नाहीत, म्हणजे तो प्रश्न विक्रीच्या माणसांचा. अजून एजंट जोडा, अजून घरं आणा. नीट वाचायला घेतल्यावर दिसलं ते असं की बहुतेक वेळा घरं होती. आम्ही केलेल्या चौकटींतून ती त्या माणसापर्यंत पोचत नव्हती.

ते ‘८०’च घ्या. खरेदीच्या पानावर बजेटची चौकट आहे. लोक त्यात ‘८०’ लिहीत आणि आमची साइट इमानेइतबारे ऐंशी रुपयांपर्यंतची घरं शोधायला निघे. आता पुण्यात घराविषयी बोलताना ‘लाख’ कोण म्हणतं? ‘बजेट किती?’ ‘सत्तर-ऐंशी.’ संपलं. भाड्याच्या पानावर ‘१५’ म्हणजे पंधरा हजार, आणि खरेदीच्या पानावर ‘१.२’ म्हणजे एक कोटी वीस लाख. ज्याने चौकट बांधली त्याने आत फिकट करड्या अक्षरांत ‘रक्कम रुपयांत लिहा’ असं लिहून हात झटकले होते. ऐंशीपुढे पाच शून्यं द्यायची, तीही बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. कुणाची चार पडत, कुणाची सहा. चार पडली की तो माणूस आमच्या आकड्यांत आठ लाखांत टू बीएचके मागणारा दिसे, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणे की आपल्याकडे येणाऱ्यांची ऐपतच कमी आहे, जाहिराती बदलायला हव्यात.

दुरुस्ती किरकोळ होती. आता ८० लिहिलं की चौकटीखाली लगेच ‘₹८० लाख’ असं उमटतं, १.२ लिहिलं की ‘₹१ कोटी २० लाख’. काही चुकत असेल तर माणूस स्वतःच थांबतो.

गुंठ्यांचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे जमीन बघणाऱ्याला पाठ असतं. आमच्याकडे मोजमाप फक्त चौरस फुटांत. गुंठे चालू करणं एका दुपारचं काम. पण ते चालू केल्याबरोबर एक-एक, दोन-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांच्या जाहिराती भराभर वर यायला लागल्या. त्यांचा स्वतंत्र सातबारा होणार का, हाच मुळात वादाचा मुद्दा. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, त्यात दुरुस्त्या आणि सवलती होत आल्या आहेत, आणि हे सगळं माहीत नसलेला माणूस ‘रोडटच, हप्त्याने’ एवढं वाचून टोकन देऊन येतो. म्हणजे आकड्यांनी दाखवलेली अडचण आम्ही सोडवली आणि लोकांना एका खऱ्या अडचणीकडे जास्त वेगाने पाठवू लागलो. आता प्लॉटची जाहिरात देणाऱ्याला आधी जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे हे भरावं लागतं. त्यानंतर जाहिराती कमी झाल्या. भिंतीवरच्या स्क्रीनवर बाण तांबडा झाला आणि काही दिवस तांबडाच राहिला.

सगळ्यांत जास्त छळलं ते नऱ्हे गावाने. सिंहगड रस्त्याला लागून असलेलं हे नऱ्हे २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक. कॉलेजं आहेत, त्यामुळे भाड्याच्या खोल्यांना कायम मागणी. आमच्याकडे तिथली घरं भरपूर, तरी यादीत रोज ‘नऱ्हे’ हजर. शोध घेतला तर कळलं की आपला हा डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा र कंप्यूटरला दोन प्रकारे लिहिता येतो. एकात त्यासाठी स्वतंत्र अक्षर वापरलं जातं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. एका कीबोर्डवरून एक येतो, दुसऱ्यावरून दुसरा, आणि आमच्या गावांच्या यादीत त्यातला एकच होता. माणसाला दिसतंय ‘नऱ्हे’, आम्हाला दिसतंय ‘नऱ्हे’, आणि मध्ये बसलेलं यंत्र शांतपणे सांगतंय की असं गाव नाही.

मग हिंजवडी-हिंजेवाडी, कोथरूड-कोथरुड, रोमन लिपीतली त्यांची आणखी रूपं, अशी जुळवाजुळवीची मोठी फाइल तयार झाली. ती अजून वाढते आहे. त्यात एक स्वतंत्र कप्पा एजंटांच्या भूगोलाचा. सूसचं घर ‘बाणेर ॲनेक्स’मध्ये असतं. उंड्रीचं ‘एनआयबीएम ॲनेक्स’मध्ये. नऱ्ह्यातली घरं ‘सिंहगड रोड’वर, आणि सिंहगड रोड एवढा लांब की त्यात काहीही मावतं. जो माणूस खरंच नऱ्ह्यात घर शोधतोय, कारण त्याच्या मुलीचं कॉलेज तिथे आहे, त्याला नऱ्ह्यातलं घर मिळत नाही, कारण ते घर भाव खाण्यासाठी दुसरीकडे राहायला गेलेलं असतं. आता आम्ही जाहिरातीतल्या नकाशावरच्या खुणेवरून गाव ठरवतो, लिहिलेल्या नावावरून नाही. एजंटांनी थोडी कुरकुर केली.

शोधाच्या चौकटीबाहेरही लोक बोलत असतात, फक्त ते बोटाने. पानावर कुठे टॅप झालं, कुठे अंगठा थबकला, हे दाखवणारी साधनं आता फुकटही मिळतात. मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी त्यातलंच एक. जिथे टॅप केल्यावर काहीच घडत नाही अशा टॅपला त्यात ‘डेड क्लिक’ म्हणतात. आमच्या साइटवर अशा फुकट गेलेल्या टॅपांचा ढीग एका जागी होता. सोयींच्या चित्रांची एक ओळ असते ना, लिफ्ट, पार्किंग, जिम, क्लब हाउस, त्यातलं नळाचं चित्र. खाली लिहिलेलं ‘२४ तास पाणी’. लोक त्या नळावर टॅप करत होते. एकदा, मग पुन्हा एकदा जोरात, मग परत मागे.

वाघोलीत किंवा उंड्रीत घर बघून आलेल्या कुणालाही यातली गोम कळेल. पाणी चोवीस तास असतं, पण ते येतं कुठून? पालिकेच्या लाइनमधून, बोअरमधून, की टँकरने? टँकरचं असेल तर उन्हाळ्यात मेंटेनन्स किती वाढतो? त्या छोट्याशा निळ्या नळावर टॅप करणारा प्रत्येक माणूस हेच विचारत होता. आणि ज्यांना हे दिसायला हवं होतं त्या आम्हाला दिसत होती क्लब हाउसची गाळणी (फिल्टर), जी ब्रोशरमध्ये वर असते म्हणून आमच्याकडेही वर होती आणि जिच्याकडे फारसं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आम्ही जाहिरात भरणाऱ्याला प्रश्न घातला: पाणी कुठलं? पालिका, बोअर, टँकर, यांपैकी लागू ते सगळं निवडा. उत्तर देणं सक्तीचं नाही, पण दिलं नाही तर नळाखाली ‘सांगितलेलं नाही’ असं दिसतं. घर विकायला निघालेल्या माणसाची टाळाटाळ कशी दिसते ते या एका प्रश्नावर बघावं. काही जण पत्ता, मजला, दिशा, टाइल्सचा ब्रँड, सगळं भरतात आणि पाण्यापाशी येऊन थांबतात.

क्षेत्रफळाचीही हीच रीत. १ मे २०१७ पासून घरबांधणी प्रकल्पांसाठीचा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि नव्या प्रकल्पांत कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, बोलणं बंधनकारक झालं. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोडही लागतो. पण रीसेलचं जुनं घर विकणारा अजून ‘साडेनऊशे’ म्हणतो, त्यात जिना, पॅसेज आणि कदाचित गेटवरची वॉचमनची खोलीही धरलेली असते. लोक गाळणीत क्षेत्रफळ निवडतात, आणि मग घराच्या आराखड्याचा फोटो उघडून दोन बोटांनी ताणून ताणून खोलीची मापं वाचतात. त्यांचा आमच्या आकड्यावर विश्वास नाही हे त्या दोन बोटांनी सांगितलं. ठीकच आहे, माझाही नव्हता.

आता जो आकडा सगळ्यांना आवडतो त्याविषयी. सर्वाधिक पाहिलेलं घर. आमच्याकडे बरेच महिने तो मान प्रभात रोडवरच्या एका बंगल्याला होता. दगडी बांधकाम, पुढे अंगण, आंब्याचं झाड, आणि किंमत अशी की आकड्यातले स्वल्पविरामच मोजत बसावं. चौकशी जवळजवळ नाही. लोक रात्री जेवणं झाल्यावर तो बंगला बघायला यायचे, जसं आपण लक्ष्मी रोडला काही घ्यायचं नसताना चक्कर मारतो. त्यात गैर काय? मीसुद्धा बघितला, सगळे फोटो बघितले. पण ‘लोक हे बघतायत’ या पट्टीत साइट आपोआप तो बंगला सगळ्यांना दाखवू लागली, कात्रजला दहा हजारांत खोली शोधणाऱ्या मुलालाही. आणि यादीत दुसऱ्या क्रमांकावर जे घर होतं ते बघणारा प्रामुख्याने एकच फोन होता, बहुधा त्याचा एजंटच. दिवसातून कितीदा तरी आपली जाहिरात अजून वर आहे ना ते पाहायला यायचा. हे दोन्ही वगळून आता आम्ही बघण्यापेक्षा जपून ठेवण्याला जास्त वजन देतो. घर खरंच घ्यायचं असलेला माणूस ते जपून ठेवतो, घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो. बंगला कुणी दुसऱ्या दिवशी फारसं उघडत नाही.

कॅलेंडरचा घोळ हा तर आमच्याकडचा खास विषय. ॲनालिटिक्समध्ये ‘गेल्या वर्षीच्या याच काळाशी तुलना’ असं एक बटण असतं. ते इंग्रजी तारखांवर चालतं, आणि घर घेणारा मराठी माणूस चालतो तिथीवर. २०२३ च्या ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा घ्या. बटण दाबलं की तो २०२२ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याशेजारी येऊन बसतो. २०२२ मध्ये ५ ऑक्टोबरला दसरा होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले, दसरा गेला २४ ऑक्टोबरला, आणि तो पहिला पंधरवडा जवळजवळ अख्खा पितृपक्षात सापडला. म्हणजे यंत्र दसऱ्याची सर्वपित्री अमावास्येच्या आठवड्याशी तुलना करून सांगतंय की घसरण झाली. नेमकं त्याच सुमारास शोधाचं पान नव्याने केलेलं असेल तर? ज्याने ते पान केलं त्याच्याकडे सगळे ज्या नजरेने बघतात ती नजर मी बघितली आहे. पितृपक्षात लोक घर बघतसुद्धा नाहीत असं नाही; बघतात, जपून ठेवतात, नंबर मात्र मागत नाहीत. घटस्थापना झाली की त्याच जपलेल्या घरांवर फोन सुरू होतात. त्यामुळे आमच्याकडे एक साधा तक्ता आहे: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती, पितृपक्ष, दसरा, शिवाय शाळा सुरू होण्याचे आणि कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस, दर वर्षीच्या तारखांसह. तुलना या तक्त्याप्रमाणे होते. आणि तपशीलवार नोंदी आम्ही वेगळ्या उतरवून ठेवतो, कारण जीए फोरच्या, म्हणजे गूगल ॲनालिटिक्सच्या नव्या आवृत्तीच्या, नेहमीच्या खात्यात एकेका घटनेचा तपशील जास्तीत जास्त १४ महिनेच राहतो आणि अधिक मास त्याहून जास्त अंतराने येतो.

त्याच २०२३ मध्ये, १ जुलैला, गूगलची जुनी आवृत्ती, युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, नव्या नोंदी घेईनाशी झाली. जीए फोरमध्ये ‘गुंतलेला’ माणूस म्हणजे जो दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा ज्याने दोन पानं पाहिली, किंवा जो आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी गोष्ट करून गेला. दहा सेकंदं! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नेटवर्क रडत असताना आमचे फोटो उतरायलाच कधीकधी तेवढा वेळ लागतो. या व्याख्येने आम्ही एका रात्रीत फारच लोकप्रिय झालो.

पण खरी मारामारी ‘लीड’वरून. आमच्या धंद्याचा पैसा तिथून येतो: कुणी मालकाचा किंवा एजंटचा नंबर मागितला की ती एक लीड. लीड वाढवायच्या तर एक नेहमीचा उपाय आहे, घर बघायच्या आधीच मोबाइल नंबर आणि ओटीपी मागा. मागितला, आणि आकडा उडी मारून वर गेला. पुढच्या काही दिवसांत एजंटांचे वैतागलेले फोन यायला लागले, कारण ज्यांना ते फोन करत होते ते लोक म्हणत, आम्ही नुसतं बघत होतो हो, रविवारी दुपारी झोपलेल्या माणसाला कशाला उठवता. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या पुरवठ्याच्या संदर्भात म्हटलेलं आहे की एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी दाब आला की ते मोजमाप भरवशाचं राहत नाही. आमच्या विक्रीप्रमुखांना गुडहार्ट पटले नाहीत, एजंटांचे फोन पटले. ओटीपी आता नंबर मागतानाच येतो. लीड उतरल्या, आणि त्यातून प्रत्यक्ष घर बघायला जाणारे मात्र उतरले नाहीत.

मदतीच्या फोनवर अधूनमधून मी स्वतः बसते. हे आमच्याकडे कुणाला फारसं आवडत नाही. फोनवर बसणं म्हणजे हलकं काम असा एक समज आहे. तिथे एकदा कर्वेनगरहून एका काकांचा फोन आला. वय आवाजावरून सत्तरीच्या पुढचं.

“ताई, तुमच्याकडे मी लिफ्टवर टिक करतो,” ते म्हणाले, “आणि लिफ्टवाली घरं येतातही. पण लाइट गेल्यावर ती लिफ्ट चालते का, हे कुठे लिहिलेलं नाही.”

“काका, तसं काही भरून घेत नाही आम्ही अजून.”

“मग घ्या ना. मिसेसच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयत. सध्या आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत, लिफ्ट नाही, म्हणून तर घर बदलतोय. नवीन ठिकाणी ती मधेच अडकली तर मी काय करू? फोटोंत जनरेटर दिसतोय का बघतो मी. शेवटच्या फोटोपर्यंत जातो. सगळे स्वयंपाकघराचे आणि टीव्हीच्या भिंतीचे फोटो.”

फोन ठेवल्यावर मी नोंदींमध्ये हाच माग शोधला. लिफ्टची गाळणी चालू, एकामागून एक घरं उघडलेली, प्रत्येकात अगदी शेवटच्या फोटोपर्यंत गेलेलं, आणि नंबर एकाचाही मागितलेला नाही. त्यातले काका कोणते हे मला कळणार नाही आणि कळायचं कारणही नाही, पण असे बरेच निघाले. आतापर्यंत आमच्या अहवालात हे सगळे ‘अतिशय गुंतलेले’ म्हणून हिरव्या रंगात होते. लिफ्टला पॉवर बॅकअप आहे का, हा प्रश्न आता जाहिरातीच्या फॉर्मवर आहे. आणि तळमजला निवडता येत नव्हता, कारण मजल्यांची पट्टी एकपासून सुरू होत होती, तेही त्याच आठवड्यात सरळ झालं.

इथवर सगळं छान आहे. लोक काय मागतात ते वाचा, तशी साइट करा. मी हे मीटिंगमध्ये इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ते माझ्याच अंगाशी येणार होतं. शून्याच्या यादीत एक ठळक गट असा आहे: ‘फक्त व्हेज सोसायटी’. ‘ओन्ली महाराष्ट्रीयन फॅमिली’. काही ठिकाणी जातीचं नाव सरळ लिहिलेलं. काही ठिकाणी एका धर्माचं नाव आणि पुढे ‘नको’. विक्रीच्या बाजूने प्रस्ताव आला की मालकाची पसंती अशी एक गाळणी घालू. “मागणी आहे,” ते म्हणाले, “तुमचीच यादी आहे मॅडम.”

यादी माझी होती हे खरं. मी म्हटलं, हे करायचं नाही. मग कायद्यावर चर्चा झाली, आणि कायदा माझ्या मदतीला फारसा येईना. घर भाड्याने देताना किंवा विकताना भेदभाव करू नये असं स्पष्ट सांगणारा केंद्राचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा नियम ग्राह्य धरला होता. अमेरिकेत १९६८ पासून फेअर हाउसिंग ॲक्ट आहे, आणि घरांच्या जाहिराती ठरावीक वंशाच्या किंवा धर्माच्या लोकांना दिसू नयेत अशी सोय दिल्याबद्दल तिथल्या गृहनिर्माण खात्याने २०१९ मध्ये फेसबुकवर आरोप ठेवले. ते तिकडे. इथे मला एवढंच म्हणता आलं की लोक मागतात म्हणून आपण एजंटांचे नंबर फुकट वाटत नाही, मग हेच का वाटायचं? वाद तिथे थांबला, मिटला नाही.

‘बॅचलर चालतील’ ही गाळणी मात्र आम्ही केली, कारण ती मागणारे बहुतेक बॅचलरच होते. तीही सरळ गेली नाही. निम्म्याहून जास्त मालक ती जागा रिकामी सोडतात. रिकामं म्हणजे ‘नाही’ धरायचं की ‘हो’? आम्ही ‘विचारून बघा’ असं दाखवतो, आणि ‘दोन मुली नोकरीवाल्या कर्वेनगर’ला आता काहीतरी सापडतं.

खाण्याच्या बाबतीत मला निरुत्तर केलं ते आमच्याच एका इंजिनिअरने. तो मालवणचा. म्हणाला, गाळणी नको हे बरोबर, पण मग मला किती फेऱ्या पडतात ते धरलंत का? भर उन्हात बालेवाडीला जातो, घर आवडतं, डिपॉझिटपर्यंत बोलणं येतं, आणि मग मालक हळूच विचारतात, ‘तुम्ही नॉनव्हेज खात नाही ना?’ ते आधी कळलं असतं तर मी गेलोच नसतो. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं आणि अजूनही धड नाही. बंदी जाहिरातीत लिहू दिली तर ती रुळते, आणि लिहू दिली नाही तर ती जिन्यात उभी राहून विचारली जाते.

त्यात परवा असं लक्षात आलं की गाळणी नसली तरी मालक वर्णनात ‘प्युअर व्हेज फॅमिली प्रिफर्ड’ लिहितात, आणि आमचा शोध वर्णनातले शब्दही वाचतो. त्यामुळे ‘व्हेज’ लिहिणाऱ्याला हवी ती घरं बिनबोभाट मिळत आहेत. नऱ्ह्यासाठी आम्ही शोध इतका समंजस केला, त्याचाच हा भाग. आता वर्णनातला हा मजकूर शोधातून वगळायचा का, यावर पुन्हा बैठक आहे. विक्रीवाले आकडे घेऊन येतील. मालवणचा तो मुलगा म्हणतो, खुशाल वगळा, फक्त मग मी घर बघायला निघायच्या आधी त्या मालकांना फोन करून मासे चालतील का ते तुम्ही विचारायचं.